पाचवीच्या सुपाऱ्या

परिचारिकांच्या त्या इंग्रजी नियतकालिकाकडून पाकीट आलं तेव्हा भाताची कापणी उरकून गावोगाव खळी लागली होती. पाकीट जाड होतं. जाड पाकीट म्हणजे लिखाण साभार परत, एवढं मला ठाऊक होतं, कारण तरुणपणी मी एका मासिकाला कथा पाठवायची आणि त्या सगळ्या न चुकता घरी यायच्या. म्हणून ते पाकीट मी सकाळपासून पर्समध्येच ठेवलं आणि भिवपुरीला आमच्या क्वार्टरमध्ये पोचून हातपाय धुतल्यावर फोडलं. मिस्टर वीजघरातून पहिल्या पाळीहून आले होते. ते म्हणाले, "अगं, वाईट बातमीला पाय धुवून सामोरं जायची ही कुठली पद्धत?"

बातमी वाईट नव्हती. लेख स्वीकारला होता. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि सोबत तीन प्रश्न होते. त्यांची उत्तरं सहा आठवड्यांत पाठवली की लेख छापायला जाणार होता. पहिला प्रश्न तक्त्याच्या मथळ्याबद्दल होता, दुसरा एका संदर्भाबद्दल. तिसरा एका ओळीचा होता. दुसऱ्या वर्षी एखाद्या घरी मूल जन्मलं हे आपल्याला कसं कळत असे?

मी तो वाचला आणि साधाच वाटला. मिस्टरांना म्हटलं, "डब्यातून. आणखी कसं?"

डब्यांबद्दल आधी सांगायला हवं. कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या चार गावांत मी पब्लिक हेल्थ नर्स म्हणून फिरत होते. नुकती जन्मलेली मुलं पहिल्या दोन-चार दिवसांत दगावत, आणि थंडीच्या महिन्यांत जास्त दगावत, हे कुणालाही दिसेल असं होतं. मूल जन्मलं की त्याला लगेच आंघोळ घालायची आणि तिसऱ्या दिवसापर्यंत अंगावर पाजायचं नाही, अशी रीत. मी सुइणींना शिकवलं ते अगदी साधं होतं. मूल पुसून कोरडं करायचं, जुन्या लुगड्यात गुंडाळून आईच्या अंगाशी द्यायचं, लगेच पाजायचं, आणि नाळ पडेपर्यंत आंघोळ नाही. यात शोध म्हणावं असं काहीच नव्हतं. मांजरीलाही हे कळतं. पण मांजरीला सासू नसते.

पहिल्या वर्षी, काही शिकवायच्या आधी, मी स्वतः मोजलं. गरोदर बायकांची यादी करून प्रत्येकीच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायची, मूल डोळ्यांनी बघायची. मग शिकवलं. दुसऱ्या वर्षीही तसंच मोजायचं ठरलं होतं, पण तोवर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या कॅम्पांचे दिवस आले. आम्हा सगळ्यांना वरून उद्दिष्टं आली आणि माझे पाय घरोघर जायचे ते वेगळ्याच कामासाठी जाऊ लागले. मूल बघायला वेळ उरला नाही. तेव्हा मी एक युक्ती काढली. आमच्या आरोग्य केंद्रात दूध पावडरचे रिकामे डबे पडले होते. तीन सुइणींना एकेक डबा दिला आणि सांगितलं, हाताखाली मूल जन्मलं की डब्यात एक खडा टाकायचा. महिन्यातून एकदा मी येऊन खडे मोजेन, कुठला कुणाच्या घरचा ते लिहून घेईन, आणि त्यातलं कुठलं मूल नंतर गेलं ते तुम्ही सांगायचं.

तिघींतली सगळ्यात म्हातारी होती तिला सगळा गाव मावशी म्हणे, मीही म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिच्या डब्यात खड्यांऐवजी सुपाऱ्या निघाल्या. मी विचारलं तर म्हणाली, "लेकराला काय खडा टाकायचा, बाय? दगड हाय का तो?" बाकीच्या दोघींनी तिचं बघून तेच केलं. मला हे इतकं आवडलं की लेखात त्यावर एक वाक्य घातलं.

वर्षाच्या शेवटी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी बेरीज पुन्हा दोनदा करून बघितली. मुलं मरायची जवळजवळ थांबली होती.

आमच्या केंद्राचे डॉक्टर भले गृहस्थ होते. शहरातल्या शिकवणीच्या इस्पितळात जागा मिळावी म्हणून ते तीन वर्षं अर्ज करत होते, आणि तिथे छापील लेख विचारतात हे त्यांना कळलं होतं. आकडे बघून ते खुर्चीतून उठले. लेख मी लिहिला, इंग्रजी त्यांनी सुधारलं. म्हणजे ‘आंघोळ’ हा शब्द जिथे होता तिथे खोडून त्यांनी पाच-पाच शब्दांची वरात उभी केली, आणि ‘सुईण’ या बिचारीच्या नावापुढे तर बँडही लावला. वर स्वतःचं नाव, खाली माझं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. लेख छापून येणार होता, आणि माझ्यासारख्या बाईचा लेख त्या नियतकालिकात येत नसे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं. "लिहा, सिस्टर. प्रशिक्षित सुइणींनी ठेवलेल्या नोंदींवरून." वाक्य खोटं नव्हतं. पण लिहून घेताना मला वाटलं, एकदा मावशीला विचारून यावं, नोंद नेमकी केव्हा करते. त्याच दिवशी की सवडीने. म्हणजे उत्तरात ‘त्वरित’ हा शब्द घालता येईल. एका विशेषणासाठी मी त्या गावाला गेले.

मावशी खळ्यावर होती. सुनेला हाक मारून तिने डबा आणवला आणि माझ्यासमोर सुपात उपडा केला. सुपाऱ्यांना हळदकुंकू चिकटलेलं होतं. काहींवर अजून तांदळाचा दाणा होता. हे मी दर महिन्याला बघत आले होते. सुपारीला कुंकू असायचंच, असं मला वाटत असावं. किंवा काही वाटतच नसावं.

"मावशी, या सुपाऱ्या आणतेस कुठून?"

"आनते कशाला? पाचवीला देतात ना."

बाळाच्या पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात, सटवी येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. त्या दिवशी सुइणीला खण-तांदूळ आणि सुपारी देतात. ती सुपारी ती डब्यात टाकत होती.

मी म्हटलं, "आणि पाचवीच्या आधीच मूल गेलं तर?"

"गेलं तर त्याची पाचवी कोन करतंय?"

"मग डब्यात काय टाकतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं. कॅम्पमध्ये बायका माझ्याकडे बघत तसं नव्हे. माझी प्रकृती बरी आहे ना, अशा नजरेने. "काय टाकू? जे पाचवीला पोचलं नाय ते आलंच नाय, बाय. वाटंवरनंच फिरलं."

खळ्यावर बैल फिरत होते. मी सुपाऱ्या पुन्हा डब्यात भरायला लागले आणि माझ्या हातून दोन खाली सांडल्या. माझा सगळा लेख पहिल्या चार दिवसांत मरणाऱ्या मुलांबद्दल होता, आणि वर्षभर मी मोजली होती ती पाचवा दिवस बघितलेली मुलं. दुसऱ्या वर्षी मरण कमी झालं नव्हतं. मी ते डब्याबाहेर ठेवलं होतं. किंवा झालंही असेल कमी. तेही आता सांगता येत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

घरी आल्यावर मिस्टरांना सांगितलं. ते वीजघरातले, मीटर चुकीचा असला तर दिवे खोटे ठरत नाहीत असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "अहो, पण दिवे लागलेत की नाहीत हेच मला माहीत नाही." यावर ते पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत आले.

एक धागा होता. दुसऱ्या वर्षी मी गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या आणि त्याची वही केंद्रात होती. वहीत नाव आहे आणि डब्यात सुपारी नाही, अशी घरं शोधायची, तिथे जाऊन विचारायचं. पण विचारणार कोण? नर्स दारात आली की त्या दिवसांत बायका मागच्या दाराने शेतात निघून जात. आणि गेलेल्या मुलाबद्दल तर सख्ख्या बहिणीजवळही कुणी बोलत नसे.

मी मावशीला म्हटलं, "तू चल."

"मी नाय. लोक काय म्हनतील? म्हातारी मेलेली पोरं मोजत फिरते. उद्या बाळंतिनीच्या खोलीत कोन घेईल मला?"

तिचं बरोबर होतं. तिचं पोट त्या खोलीवर होतं, आणि माझं फार तर नाव. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी तीच केंद्रावर आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तुजं तोंड का उतरलंय गं?" मी सगळं सांगितलं. इंग्रजी लेख, वरचे साहेब, छापखाना. त्यातलं किती तिच्यापर्यंत पोचलं कोण जाणे. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "म्हंजे मी सांगितलं ते खोटं छापतील?"

"हो."

"चल मग. पन तू बोलायचं नाय. मी इचारीन."

आठ दिवस आम्ही हिंडलो. बांधांवरून, कापलेल्या भाताच्या खुंटांतून, वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांच्या शेतांजवळून. ती पुढे, मी मागे, तोंड बंद. आणि ती काय विचारायची ते मला आजही कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मूल झालं का, गेलं का, यातलं काही नाही. ती ओसरीवर बसायची, भाताचं, गुरांचं बोलायची आणि मध्येच म्हणायची, "दूध कवा आटलं गं तुजं?"

एवढ्यावर उत्तर मिळत असे. बहुतेक ठिकाणी हातातलं काम न थांबवता.

एक घर मात्र मी विसरलेले नाही. पोरगी विशीचीही नसेल, सूप घेऊन पाखडत बसली होती. मावशीने विचारलं. सूप चालतच राहिलं.

"शिमग्याच्या आदी," ती म्हणाली.

"किती दीस व्हतं?"

"दोन."

आतून सासू बाहेर आली. मावशीला काही न बोलता माझ्यासमोर उभी राहिली. "आता इचारायला आलीस? तूच सांगून गेलीस ना, आंगोळ घालू नका म्हनून? पारोसं ठेवलं पोर. पारोसं पोर कुनाकडं टिकंल?"

मावशीने मला बोलायचं नाही असं बजावलं होतं. त्याची गरज नव्हती. मी सतरा वर्षं नोकरी केली होती, शिकवताना कधी घाबरले नव्हते, आणि त्या ओसरीवर माझ्या मनात पहिल्यांदा आलं की ही बाई बरोबर असेल. मी छापायला निघाले होते त्या गोष्टीने हिचं नातवंड गेलं असेल. पाठ्यपुस्तकं माझ्या बाजूची होती, हे खरं. पण पाठ्यपुस्तकं त्या ओसरीवर आली नव्हती.

पोरगी सूप खाली ठेवून म्हणाली, "उगा बोलू नका, आत्या. आदीच्याला घातलीच व्हती की आंगोळ."

सासू आत गेली. वहीत त्या पोरीच्या नावापुढे मी एक रेघ ओढली. तिच्या आधीच्या मुलाला रेघ कुठे ओढायची ते मला कळेना. पहिल्या वर्षाच्या माझ्या यादीत ती नव्हतीच. तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी गेली होती, खालापूरच्या बाजूला, आणि माझी चार गावं तिथवर पोचत नव्हती.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. पूर्वी बी जायचीच."

"तेच तर बघायचंय, मावशी. तितकीच जात होती का."

सगळ्या रेघोट्यांची बेरीज केली. पहिल्या वर्षात आणि दुसऱ्या वर्षात फरक उरला होता, पण एवढाच की त्यावर बोट ठेवावं तर बोटाखाली झाकला जाईल. चार आठवडे उलटले होते.

डॉक्टरांच्या टेबलावर मी नवा तक्ता ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. मग शांतपणे म्हणाले, "सिस्टर, संपादकांनी पद्धत विचारली आहे. प्रायश्चित्त नाही."

"पद्धतच चुकली आहे, सर."

"ते कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मांडव घालायला बांबू येऊन पडले होते. कारण मधल्या काळात डॉक्टरांनी लेख स्वीकारला गेल्याचं तालुक्याला कळवलं होतं आणि तालुक्याने सत्कार ठरवला होता. पाहुणे ठरले होते, फलक रंगवून झाला होता. पेंटरने ‘बालमृत्यूवर विजय’ असं तांबड्या अक्षरांत लिहून खाली आपल्या हौसेने पाळणाही काढला होता.

मग ते म्हणाले, "माझं नाव काढा त्यातून." मी रागावले असते तर सोपं गेलं असतं. पण नाव काढायला सांगताना त्यांचा चेहरा तीन वर्षांच्या अर्जांसारखाच दिसत होता. शहरातली जागा गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. संपादकांना लिहिलेलं माझं पत्र त्यांनी तरीही मागून घेतलं, त्यातले स्वल्पविराम सुधारले आणि परत दिलं. ‘आंघोळ’ला या वेळी हात लावला नाही.

पत्र सोमवारी टाकलं. सत्कार शनिवारी होता. रद्द करा म्हणून मी दोनदा सांगून बघितलं. पाहुण्यांनी होकार दिला होता, आणि होकार दिलेला पाहुणा ही आपल्याकडे सूर्यग्रहणासारखी गोष्ट असते, ती पुढे ढकलता येत नाही. शेवटी तो झालाच. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांनी आपल्या आईची आठवण सांगितली, मला शाल घातली, डॉक्टरांना शाल घातली. मग दोन शब्द बोला म्हणाले.

मी उभी राहिले. म्हटलं, "ज्या लेखासाठी हा सत्कार आहे त्यातला मुख्य आकडा चुकीचा आहे. मुलं मरायची थांबलेली नाहीत. मोजताना माझी चूक झाली. मी तसं संपादकांना कळवलं आहे."

टाळ्या पडल्या. त्या प्रत्येक वाक्याला पडत होत्या, या तीन-चार वाक्यांनाही पडल्या. पाहुण्यांनी तर मान डोलावली. पाळण्याच्या फलकाखाली उभी राहून मी वाट बघितली, कुणीतरी उठून विचारेल, मग खरा आकडा काय? कुणी विचारलं नाही. मागच्या रांगेत मिस्टर हाताची घडी घालून बसले होते. खाली बसल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "निदान तुम्ही बोललात." शालीचा त्यांना उकाडा होत असावा. ते सारखे मान पुसत होते.

संपादकांचं उत्तर यायला होळी उजाडली. एवढे दिवस मी रोज पोस्टमनची वाट बघत होते आणि तो दिसला की घरात जात होते. पाकीट या वेळी पातळ होतं. लेख त्यांनी घेतला नव्हता. त्याऐवजी दोन पानं लिहून द्याल का, असं विचारलं होतं. मूल झाल्याचं मोजायचं कसं, आणि त्या बाईने विचारलेला दुधाचा प्रश्न काय, तेवढंच. लिहून दिली. अंकाच्या मागच्या बाजूला, जाहिरातींच्या अलीकडे, ती छापून आली. माझ्या सगळ्या आयुष्यात छापून आलेली पानं तेवढीच.

अंक घेऊन मी मावशीकडे गेले. तिने तो उलटा धरून बघितला. "माजं नाव छापलंय?"

"नाही गं. नावं छापत नाहीत."

"बरं झालं." मग थोड्या वेळाने, "कुटं छापलंय पन? दाव तरी." मी बोट ठेवून ओळ दाखवली. तिने त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि अंक मला परत दिला.

त्यानंतर तिच्याकडे दोन डबे असत. सुपाऱ्यांचा पहिला, तो सुनेकडून मागवायची. दुसरा खड्यांचा, पाचवी न गाठलेल्या मुलांचा, तो कणगीच्या मागे असे आणि सून पाण्याला गेली की ती स्वतः काढून आणी. दोन्ही एकत्र ठेवायला ती कधीच तयार झाली नाही, मीही आग्रह धरला नाही. दर महिन्याला मी दुसरा डबा उघडायच्या आधी हलवून बघायची. खडा वाजला की वहीत रेघ ओढायची. पण ज्या महिन्यात काहीच वाजत नसे त्या महिन्यात मी डबा हातात धरून जास्त वेळ बसायची, आणि शेवटी न राहवून विचारायची, "मावशी, खरंच कुणी गेलं नाही, की टाकायचा राहिला?"

ती म्हणायची, "नाय गेलं, बाय. तुला खरं वाटंना?"

मी वहीत शून्य लिहायची. पेनाने लिहायला हवं होतं. शेवटपर्यंत पेन्सिलीनेच लिहिलं.